मॅच पॉइंटला पडलेली डबी

नांदेड, गुरुवार

प्रिय अप्पा,

शरणु शरणार्थी.

आज सहा दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. अव्वा उचलते, पण इतकं हळू बोलते की तुम्ही शेजारच्या खोलीत आहात हे न सांगताच कळतं. "अप्पा कुणाशीच बोलंनात, जेवणबी धड न्हाई," एवढं सांगते आणि मग मी काय खाल्लं ते विचारते. म्हणून हे पत्र. घरी न पाठवता मुद्दाम मोंढ्यात, धान्याच्या आडतीच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तिथलं टपाल तुमच्याशिवाय कुणी फोडत नाही. सौदा आटोपला की गादीवर बसून निवांत वाचा. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

आधी बातम्या. मी आणि लुंबिनी काल दिल्लीहून परत आलो. लुंबिनी म्हणजे माझी खोलीतली जोडीदार, संक्रांतीला आपल्याकडे येऊन शेंगाच्या सहा पोळ्या खाऊन गेली तीच. तिने पहिल्या फेरीत सहाव्या मानांकित मुलीला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवलं. ही देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, अप्पा, आणि पहिल्या दोन दिवसांत आठपैकी पाच मानांकित मुली बाहेर. क्लबच्या भिंतीवर ड्रॉचा मोठा कागद लावला होता. तिथे उभे असलेले लोक एकेका नावावर काट मारली गेली की आपल्या घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा करायचे. आम्हा दोघींना मात्र भारी मजा येत होती. नांदेड कुठे आहे, लातूर कुठे आहे असं विचारणारे दुसऱ्या दिवशी स्वतःहून चहा पाजू लागले.

माझ्या वाट्याला दुसरी मानांकित आली होती, चेन्नईची. पात्रता फेरीचे तीन सामने खेळून माझे पाय आधीच भरून आले होते. नरसिंग सरांनी तर आशा सोडलीच होती. म्हणाले, "मंजे, दोन तास पळव तिला, मग काय व्हायचं ते होऊ दे." प्रशिक्षकाने असा धीर दिल्यावर कोण जिंकणार? पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. अख्खं लातूर सकाळी सहाला ट्यूशनच्या रांगेत उभं असायचं तेव्हा मी क्रीडा संकुलाच्या भिंतीवर एकटी चेंडू मारत असायची. लोक हसायचे आणि तुम्ही स्कूटरवर बसून पेपर वाचत थांबायचात. मला नाही म्हटलं की माझा हात जास्त चालतो. हे मी कुणाकडून घेतलं, ते अव्वाला विचारा.

सामना तुम्ही पाहिलात. मोंढ्यात सौदा थांबवून चाळीस माणसं तुमच्या मोबाईलभोवती उभी होती, हे आपल्या मठाचं बघणाऱ्या मन्मथकाकांनीच मला सांगितलं. पण मोबाईलच्या पडद्यावर जे कळलं नाही, ते मला सांगू द्या. दुसऱ्या सेटमध्ये माझ्या गळ्यातला शिवदोरा सैल झाला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी सदऱ्याबाहेर येऊन चेंडू मारताना खाली पडली. टेनिसचा नियम असा, की अंगावरची वस्तू पहिल्यांदा पडली तर तो गुण पुन्हा खेळायचा, पण दुसऱ्यांदा पडली तर गुण गेला. पंचबाई शांतपणे म्हणाल्या, काढून बॅगेत ठेव. नरसिंग सरही कुंपणाबाहेरून हातवारे करत होते, काढ, काढ. मी नाही काढली. आठव्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हापासून ती अंगावेगळी केली नाही, ती बुटांच्या पिशवीत टाकू? मी डबी चिकटपट्टीने डाव्या दंडाला बांधली आणि खेळायला गेले. दंडावर बांधलेलं चालतं, हे तुम्हीच सांगितलं होतं.

मग तिसरा सेट. सहा-पाच मी पुढे, सर्व्हिस तिची, तीस-चाळीस. म्हणजे हा एक गुण मिळाला की सामना माझा. घामाने चिकटपट्टी सुटली आणि चेंडू माझ्याकडे येत असताना मागे टण् आवाज झाला. अप्पा, तो आवाज मी ओळखला. पण पंचांनी नाही ऐकला, त्या मुलीनेही नाही. मी वळले नाही. मी तो चेंडू मारला, त्याच्या पुढचाही मारला आणि दुसरा रेषेवर पडला. लोक ओरडले, ती मुलगी हात मिळवायला जाळीकडे चालू लागली. भुईवर पडलेली डबी पडद्यावर दिसली आणि तुम्ही मोबाईल उलटा ठेवलात तो इथे, असं काका म्हणाले. म्हणजे पुढचं तुम्ही पाहिलंच नाही.

पुढचं असं. मी मागे जाऊन डबी उचलली, डोळ्यांना लावली आणि सरळ पंचांकडे गेले. सांगितलं, माझी वस्तू दुसऱ्यांदा पडली होती, हा गुण माझा नाही. सर कुंपणाला डोकं टेकून उभे होते. गुण गेला, ड्यूस झाला. लहानपणी काट्यावर हात ठेवून तुम्ही सांगायचात, मापात पाप नको. ते ऐकायला बरं वाटायचं, पण हातातला जिंकलेला सामना परत द्यायचा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. वाईट वाटलं, अगदी रडू आलं. आणि रागही आला, तुमचा, माझा, त्या चिकटपट्टीचा.

पुढचे दोन गुण मी डबी डाव्या मुठीत धरून खेळले. रोज सकाळी ज्या तळहातावर ठेवून पूजा करते, त्याच. माझा बॅकहँड दोन हातांचा, तो गेला. मग एका हाताने कसेबसे कापून चेंडू परत द्यायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. ती बिचारी गोंधळली. एक जाळीत मारला, एक बाहेर. सात-पाच. दुसरी मानांकित घरी गेली आणि लातूरची मंजुश्री दुसऱ्या फेरीत आली. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, त्यात डबीचं काही नव्हतं.

दुसऱ्या फेरीत मी हरले. सहा-दोन, सहा-एक. सांगण्यासारखं काही नाही, पोटऱ्यांत गोळे आले होते आणि समोरच्या मुलीची सर्व्हिस झकास होती. लुंबिनीही त्याच दुपारी हरली. पण गावात वेगळंच चालू आहे, असं अव्वाकडून कळलं. लिंग भुईवर पडलं असताना पोरगी चेंडूमागं धावली, म्हणून शिवाने दुसऱ्या फेरीत हिसका दाखवला म्हणे! मग लुंबिनीला कुणी हिसका दाखवला? तिच्या गळ्यात तर काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या देवाला दिल्लीच्या कोर्टवर बायकांची दुसरी फेरी बघत बसण्याइतका वेळ असेल, असं मला वाटत नाही.

मन्मथकाकांचा निरोप मिळाला. सोमवारी मठात सगळ्यांसमोर माफी मागायची, नवा शिवदोरा घ्यायचा आणि रॅकेट पुन्हा हातात धरणार नाही, असा शब्द द्यायचा. पूर्वीच्या काळी लिंग पडलं तर माणसं प्राण सोडायची, असं काका म्हणाले. मला फक्त खेळच सोडायला सांगितलाय, म्हणजे सवलतच म्हणायची. काका वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. पण अव्वा म्हणाली की त्यांनी हे सगळं बोलताना तुम्ही खाली मान घालून बसला होतात आणि "बरं" म्हणालात. तेवढं एक "बरं" मला लागलं, अप्पा. दुसऱ्या फेरीपेक्षा जास्त लागलं.

सोमवारी मी मठात येईन. शिवदोरा मी घेईन, आनंदाने घेईन. पडल्याचं दुःख मलाही आहे, रोज पूजेला बसते तेव्हा तो आवाज कानात येतो. पण चेंडू मारल्याची माफी मागणार नाही. त्या क्षणी हात थांबला नाही, कारण बारा वर्षं तो थांबू नये म्हणूनच मी घासला आहे. आणि रॅकेट सोडण्याचा शब्द तर मठात नाही, कैलासात मागितला तरी मिळणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तुम्ही फोन उचलला असतात तरी हे फोनवर बोलता आलं नसतं, अव्वा जवळ असते. मी तेरा वर्षांची होते, अव्वा लग्नाला निलंग्याला गेली होती आणि तुमची कंबर धरली होती. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. आत जाताना अंगावर काही चालत नाही, म्हणून नर्सने डबी काढायला लावली. मग बाहेरच्या बाकावर मला बसवलंत, डबी माझ्या डाव्या तळहातावर ठेवलीत, बोटं एकेक करून मिटलीत आणि म्हणालात, "मंजू, कुणाला सांगू नको गं. कुणालाच न्हाई." चाळीस मिनिटं मी हलले नाही. नाकावर माशी बसली तरी हलले नाही. मला त्या वयातही कळलं होतं, की माझे अप्पा काही पाप करत नाहीयेत, त्यांना फक्त बरं व्हायचंय. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही आणि सोमवारीही सांगणार नाही. काकांनी कितीही टोचलं आणि तुम्ही पुन्हा "बरं" म्हणालात, तरी तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, एवढं निर्धास्त राहा. मंगळवारी मी लातूरहूनच पुढच्या स्पर्धेला सोलापूरला निघणार आहे, कुणी स्टँडवर सोडायला आलं तर ठीक, नाहीतर रिक्षा आहेतच. फक्त एवढं लक्षात असू द्या. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तुमच्यासाठी चाळीस मिनिटं मूठ उघडली नाही. तुम्ही आता अठ्ठावन्न वर्षांचे आहात, अप्पा. सोमवारी माझ्यासाठी तोंड उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचीच, आणि हट्टात तुमच्यावरच गेलेली,
मंजुश्री