अडीच तासांचा झेंडा

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

१. सकाळी सहाला शर्यत सुरू झाली.
२. तिसऱ्या किलोमीटरला तू तुझा झेंडा माझ्या हातात दिलास आणि "दोन मिनिटं धर" म्हणालास.
३. मी धरला.
४. तू परत आला नाहीस.
५. शेवटच्या वळणावर तू उभा होतास. हात पुढे करून "दे" म्हणालास.
६. मी दिला नाही.
७. संध्याकाळी मावशीचा आईला फोन आला, की मी तुझा झेंडा हिसकावला.

यातलं एखादं कलम चुकलं असेल तर कळव, दुरुस्त करीन. 'हिसकावला' हा शब्द मावशीचा आहे.

आता रीतीप्रमाणे. तुझी तब्येत कशी आहे? विशेषतः पोट? (चौकशी खरी आहे. तुझा चेहरा पाहून पंधरा मिनिटं लागतील असं मला वाटलं होतं. उरलेली अख्खी शर्यत लागेल असं वाटलं नव्हतं.) मावशी-काकांना नमस्कार, वहिनीला आठवण सांग. इकडे सगळे बरे आहेत. मी जिना उलटी उतरते, बाकी काही नाही.

पाच महिन्यांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून, आईने सोललेले शेंगदाणे खात तू म्हणाला होतास, "हाफ मॅरेथॉन म्हणजे अर्धीच तर आहे, पळ की." मी पळायला लागले. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की पळताना कोणी बोलायला येत नाही. माझा बेत साधा होता: पावणेतीन तास, सगळ्यांच्या मागून, रस्त्याच्या डाव्या कडेने. पहिले तीन किलोमीटर तुझ्याबरोबर यायचं, एवढा तुझा हट्ट मी मान्य केला. पेसर म्हणजे काय हेही मला तूच सांगितलंस: झेंड्यावर वेळ लिहिलेली असते, तो घेऊन पळणाऱ्याला चिकटून राहिलं की त्या वेळेत पोचता येतं, आणि त्याच्या मागच्या घोळक्याला 'बस' म्हणतात. बसचा चालक उतरून निघून गेला तर काय करायचं, हे सांगायचं राहिलं.

माझं काम तुला माहीत आहे. (नसावं. तू अजून लोकांना 'ती कसल्यातरी मशीनवर असते' असं सांगतोस.) मी वजनकाटे आणि दाबमापक तपासते. काटा पाच दाखवतोय आणि आत साडेचारच आहे असं आढळलं, की त्यावर लाल पट्टी चिकटवायची आणि तो वापरातून काढायचा. त्या सकाळी माझ्या हातातल्या काठीवर अडीच लिहिलं होतं आणि काठीखाली पावणेतीन होते. मागे वळून पाहिलं तर वीसेक माणसं त्या अडीचकडे श्रद्धेने बघत होती. दादा, इतकं खोटं माझ्याकडून आजवर कधी बोललं गेलं नव्हतं, आणि मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

या बसमध्ये एक खराखुरा बस ड्रायव्हर होता. पाण्याच्या टेबलाशी मी प्यायला थांबले, तर माझ्यामागे सगळा घोळका एकमेकांवर आदळून थांबला. "ताई," तो म्हणाला, "थांब्यावर गाडी हळू करायची, बंद नाही करायची. परत चालू होत नाही." त्यानंतर तो माझं प्रत्येक वळण तपासत होता. एकदा म्हणाला, वळायच्या आधी हात दाखवा. मी दाखवला.

नवव्या किलोमीटरला पूल लागतो. तोवर आम्ही चार मिनिटं मागे पडलो होतो आणि ते फक्त मला माहीत होतं. मला सहन होईना. मी पळता पळता मोठ्याने सांगून टाकलं, की मी पेसर नाही, मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी पळतेय आणि हा झेंडा माझ्या मावसभावाचा आहे. आरडाओरडा होईल, निदान कोणी झेंडा काढून घेईल, अशी माझी अपेक्षा (आशा म्हण) होती. माझ्या खांद्याशी एक दातांच्या डॉक्टर पळत होत्या. त्या म्हणाल्या, "माहितीये हो. गेल्या वर्षी त्यांचे मेहुणे होते."

"आणि त्याच्या आधी ते चष्मेवाले," ड्रायव्हर म्हणाला, "साडू की कोण. मेहुणे बाराव्यालाच रडायला लागले. तुम्ही पुष्कळ बऱ्या."

दम उरला असता तर मी तिथेच थांबले असते. तुझ्या मेहुण्यांनी वर्षभर चकार शब्द काढला नाही! मागे माझ्या नव्या बुटांकडे बघून ते बराच वेळ गप्प बसले होते, ते मला कौतुक वाटलं होतं. आपल्या घरात कोणाच्या पोटात काही राहू शकतं, हा मला पुलावर बसलेला दुसरा धक्का.

मग तुम्ही या झेंड्यामागे येता कशाला, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "समोर एक पाठ लागते हो. कुणाची का असेना. सव्वादोनवाले जीव घेतात, पावणेतीनवाले गाणी म्हणतात." मग थोडं पळून त्या म्हणाल्या, की चार वर्षं त्या अडीचच्या आत यायचं म्हणतायत आणि तुझ्या बसने एकदाही पोचलेल्या नाहीत. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

चुकलेल्या काट्याला दोन उपाय असतात: लाल पट्टी लावायची, नाहीतर स्क्रू पिळायचा. पट्टी जवळ नव्हती.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी वेग वाढवला, मागचे शिव्या देत आले. इस्पितळाच्या फाटकाशी चहा पीत उभे असलेले एक आजोबा घाबरून म्हणाले, "काय गं मुली, कोणी मागे लागलंय का?" (लागले होते. वीस जण.) अठराव्यानंतर माझे पाय माझ्या हाताखाली राहिले नाहीत, दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात त्यांची बदली झाली. डॉक्टर मागे पडायला लागल्या, तेव्हा ड्रायव्हर त्यांना ओरडून सांगत होता, "चला डॉक्टर! आमचा दात उपटताना म्हणता ना, झालंच हं, झालंच, तसं!"

आणि मग शेवटचं वळण. तू होतास. टी-शर्ट बदललेला, एका हातात अर्धं केळं. दादा, तू केस विंचरले होतेस. अठरा किलोमीटर मी तुझ्या पोटाची काळजी करत होते आणि तुझा भांग सरळ होता. तू हात पुढे करून म्हणालास, "दे आता, पुढे फोटो काढतात." मी काही बोलायच्या आत मागून ड्रायव्हर गरजला, "चालत्या गाडीत चढायचं नाही!" आणि बस तुझ्या अंगावरून गेली. यात हिसकावणं कुठे बसतं ते मावशीला विचारून सांग.

दोन तास बत्तीस मिनिटं. मी ड्रायव्हरची माफी मागितली, तर तो म्हणाला, "दोन मिनिटं? आमच्याकडे याला वेळेवर म्हणतात." डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत. फुटपाथवर बसून त्यांनी बूट काढले, घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चला. दोनच राहिली." मग मान वर करून विचारलं, "पुढच्या वेळी तुम्हीच ना?" मी म्हटलं, विचारून सांगते.

घडलं ते असं. मावशीला स्वतः फोन करून कलमं दोन ते सहा सांग. मी सांगितली तर ती मेहुण्यांपासून सुरू होतील.

तुझी मावसबहीण,
कंपासपेटी (हे नाव तूच ठेवलेलं)

ता. क. : वरचं वाचून मला माफी हवी आहे असं तुला वाटलं असेल. माफी नको, झेंडा हवा आहे. दोन महिन्यांनी नदीकाठची शर्यत आहे आणि पेसरांची नावं शुक्रवारी द्यायची आहेत. तुझ्या जागी माझं नाव दे. मी आठवडाभर लंगडत का होईना सरावाला जातेय. ड्रायव्हरही येतो, चुका काढायला.

ता. क. २ : मी रडले नाही, असं मी कुठे लिहिलेलं नाही. विसाव्याला रडले. पुढे असल्यामुळे कोणाला दिसलं नाही. मेहुण्यांना हे सांगितलंस तरी चालेल, त्यांना बरं वाटेल.

ता. क. ३ : तुला यायचं असेल तर ये. मागे जागा आहे. डॉक्टरांना अजून काही कळवलेलं नाही. तुझं हो किंवा नाही, गुरुवारपर्यंत कळव.