दंतवैद्यांना ठाऊक नसलेली गोष्ट

दि. ९, गुरुवार

नमस्कार.

‘सप्रेम’ लिहिलं होतं, खोडलं. ते खातं आता दंतवैद्यांकडे आहे.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, वर्गातली मुलं शब्दरूपं पाठ करत नाहीत, दोन्ही जुनंच. सकाळी लेक आली. सोमवारी तुझ्या पोटाचा सीटी स्कॅन आहे म्हणाली. “बरोबर कोण?” विचारलं, तर म्हणे, “बाबा, काका आहेत ना! ते सगळं बघतात.”

बघणारच. जन्मभर लोकांच्या तोंडात बघण्याचाच धंदा.

तर काही गोष्टी, न विचारता. किती तास खायचं नाही ते तिथून सांगतील, तेवढं पाळ. ‘एका बिस्किटानं काय होतं’ हे तुझं शास्त्र तिथे मानत नाहीत. अंगावर धातूचं काही नको. साखरेच्या गोळीचं आधी विचार, आपल्या मनानं बंद करू नकोस. यंत्र म्हणजे एक मोठं कडं. आत कोंडत नाहीत, नुसता पलंग सरकतो. “श्वास रोखा” म्हणतील तेव्हा निश्चल आणि गप्प पडायचं. दुसरं तुला जड जाईल. शिरेतून औषध सोडतात, त्यानं आतलं स्पष्ट दिसतं. अंगभर ऊब पसरते, कपडे ओले झाले की काय अशी शंका येते. झालेले नसतात.

इथवर कुणीही सांगेल. दंतवैद्य तर आकृती काढून सांगतील.

लेकीला सहज विचारलं, ॲलर्जीचं काय सांगितलंय? “वेदनाशामक इंजेक्शनची. काकांनीच कळवलंय.” हे चुकीचं कळवलंय.

मुतखड्याच्या वेळचं ते. तू गुंगीत होतीस. मानेवर लाल गांधी उठल्या, छाती शिट्टीसारखी वाजू लागली. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन बजावलं : हे स्कॅनच्या औषधानं झालं, पुढे कुठेही आधी सांगा. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं. तू “हं” म्हणालीस आणि कूस बदललीस. ते वेदनाशामक बिचारं निर्दोष आहे.

हे मी लेकीला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. दुपारपर्यंत गप्प बसलो. षड्रिपूंतले पाच वयानं दमले, सहावा मात्र रोज जोर काढतो. तुझा चहा, तुझी चिडचिड, तुला झोप कशी लागते, सगळं आता त्यांना ठाऊक. तुझ्याबद्दल मला एकट्याला माहीत असलेलं एवढंच उरलं होतं. ते हातचं सोडवेना.

सोमवारी आत जाण्याआधी तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. भिऊ नकोस. ते आधी काही गोळ्या देतील, नाहीतर त्या औषधाविना स्कॅन करतील; ठरवणं त्यांचं काम. फोन करणार होतो, पण तो तेच उचलतात. म्हणून ही चिठ्ठी लेकीच्या हाती.

आणि वाचून झाल्यावर त्यांनाही सांग, आजच. तू पुन्हा कधी गुंगीत असलीस, तर बोलायला शेजारी तेच असणार.

अलमतिविस्तरेण.

लेकीचा बाप,
यापुढे अगदी तेवढाच