मी आहे ना बोलायला

इंग्रजीच्या बाईंना,

माझी बायको वर्गाला का येत नाही, असं विचारलंत. ती परवा गेली.

तुम्ही मला बजावलं होतंत, "घरी चुकतमाकत बोलू द्या, हसू नका. मोठी माणसं तशीच शिकतात." मी तिच्या प्रत्येक वाक्याला हसलो. "अहो, तुमच्यापुढे तोंडच उघडायला नको," म्हणत तिने वर्ग सोडला. मी म्हणालो, "मी आहे ना बोलायला!"

छातीत कळ आली तेव्हा या परक्या देशातल्या अँब्युलन्सवाल्यांशी इंग्रजीत बोलायला ती धजली नाही; मलाच अकरा फोन केले. मी सभेत अन्यायाला वाचा फोडत होतो. फोन बंद होता.

तिच्या वहीत तुम्ही शिकवलेली वाक्यं आहेत: मदत पाठवा, आमचा पत्ता हा. पुन्हा पुन्हा वाचली. एकही चूक सापडत नाही.

हे पत्र टपालात टाकवणार नाही.

तिच्या वतीने बोलणारा,
तिचा नवरा