रिकामा डबा परत करायचा नसतो

ती. मंदाआत्यास,

रसिकाचा साष्टांग नमस्कार, दिव्याचाही (ती खुर्ची हलवत बसलीय, पण वाकून केला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस की कोनाड्यात साठवतेस? भाईंदरात आम्ही मायलेकी ठणठणीत आहोत. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं बोलायची आहेत. (मध्ये बोलायचं तर खुशाल बोल, मला ऐकू येणार नाही.)

गणपतीत तू सगळ्यांसमोर मला दम भरलास, तो मी विसरलेले नाही. दिवाळीपर्यंत घरखर्च ताळ्यावर आला नाही तर बी.एड. सोडायचं, लेकीला घेऊन गुहागरला यायचं आणि तिथल्या बालवाडीत लागायचं. नवरा सोडला तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस, आणि पस्तिशीत कॉलेजात नाव घातलं तेव्हा तुला चक्कर आली, कमाल आहे बाई तुझी! पण आत्या, मला शिक्षिका व्हायचंय. अख्खा वर्ग चिडीचूप होईल अशी. (घरात मला कोणी भीत नाही, म्हणून ही हौस.) दुसऱ्या वर्षाच्या फीचा शेवटचा हप्ता भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि शिकवण्यांचे पैसे भाडं गेल्यावर चहापुरते उरतात. तेव्हा म्हटलं, आता काय ते एकदा करूनच दाखवू.

आम्हाला कॉलेजात प्रत्येक पाठाचं टाचण काढायला लावतात. मी घरखर्चाचं काढलं. उद्दिष्ट: फी. साधनं: काही नाहीत. मूल्यमापन करणार: मंदाआत्या. नियम एकच, महिनाभर घरात असेल तेच शिजवायचं. दिव्याने ही बातमी खाली खेळताना जाहीर केली. "आमच्याकडे या महिन्यात पैसे बंद आहेत," अगदी नळाला पाणी नाही अशा सुरात! संध्याकाळी समोरच्या वासंतीकाकू मसालेभाताचा डबा घेऊन दारात हजर. मी मनात म्हटलं, चला, एक वेळचं भागलं.

पण डबा परत करायचा होता ना! रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तूच लहानपणी माझ्या टाळक्यात ठोकून बसवलंस. घरात होती ती चिमूटभर साखर घालून दिली. काकूंनी झाकण उघडलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला कळलं की बिचारीकडे नुसती साखर उरलीय. झालं, डब्यांची रांग लागली. वरच्या ज्योत्स्नाबेनचा ढोकळा, कोणाची उसळ, कोणाचा शिरा. आता साखरेवर भागेना, आपल्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न! मी नारळाच्या वड्या करून घातल्या. त्या इतक्या आवडल्या की लोक आणखी मोठे डबे पाठवायला लागले. आणि आत्या, इथे नारळ परसात पडत नाहीत गं, विकत आणावे लागतात. सिलिंडरसुद्धा महिन्याच्या आत संपला. फुकटचं जेवून माझं दिवाळं निघायची वेळ आली.

मग मी डबे परत करणंच बंद केलं. (रिकामे द्यायचे नाहीत, भरून परवडत नाहीत. यात माझं काही चुकलं असेल तर सांग.) फ्रिजवर डब्यांचा डोंगर झाला. कोणाच्या झाकणावर नेलपॉलिशची खूण, एकावर तर कोणाच्या तरी कैलासवासी सासऱ्यांचं नाव कोरलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज विचारणा व्हायची, कोणी माझा डबा पाहिलाय का? मी सगळ्यात आधी लिहायचे, "अरे देवा, मिळाला की कळवा हं!"

शेवटी एका रविवारी वासंतीकाकू थेट स्वयंपाकघरात शिरल्या. तो डोंगर बघितला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं ए, भांड्यांचं दुकान टाकतेयस की काय?" मी घाईघाईने फळीवर हात घातला. हाताला लागला तो तुझा मोठा डबा, गणपतीत गुहागरहून निघताना तू कुळथाचं पीठ भरून दिलेला. दिव्या नाक मुरडते म्हणून तो उघडलाही नव्हता. त्यातलं पीठ काकूंच्या डब्यात दाबून भरलं आणि त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं.

सकाळी सकाळी पुन्हा बेल. म्हटलं, आली भांडायला. तर काकू म्हणतात, "माझ्या अलिबागच्या आईनंतर अशी पिठी पहिल्यांदा खाल्ली गं. मला विकत दे." दुपारी ज्योत्स्नाबेन आल्या, "रसिकाबेन, वो ब्राऊनवाला आटा मेरे को भी चाहिये, फ्री में नहीं हां!" मी नको नको म्हटलं. (एकदाच, आणि हळू.) आता गंमत बघ, मूठ मूठ पीठ घालून ज्यांचे त्यांना परत दिलेले डबे पुन्हा माझ्याच दारात येतात, पण आत शिरा नाही, नोटा. आणि मी ते पीठ घालून परत करते. तुझा नियम मोडलेला नाही.

आत्या, फी भरली गं! पावती हातात आली आणि मी कॉलेजच्या जिन्यावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. तेव्हा घरखर्च ताळ्यावर आलाय, तुझा दम रद्द झालाय आणि बालवाडीने दुसरी बाई शोधावी. आमची अजिबात काळजी करू नकोस. आम्हाला कशाचीही गरज नाही.

तुझी (सुधारलेली)
रसिका

ता. क. गरज आहे. पीठ संपलं. ज्योत्स्नाबेननी पाच किलोचे पैसे आधीच दिलेत आणि त्या पैशांत माझा सिलिंडरही आला.

दुसरा ता. क. मी घरी करून पाहिलं. कुळीथ भाजताना असे करपले की खालून वॉचमन धावत आला. काकू तर वास घेऊनच म्हणाल्या, हा आत्याचा हात नव्हे.

तिसरा ता. क. हे पत्र ज्या डब्यातून आलंय तो तुझाच आहे. रिकामा कसा पाठवू, म्हणून पत्र घातलं. आता भरायची पाळी तुझी. दिवाळीनंतर माझी परीक्षा आहे, आणि दिवसभर दिव्याला कोणाकडे ठेवू ते कळत नाही. रात्री ती मंदाआजीची गोष्ट सांग म्हणते आणि गोष्टीत तू विहिरीपर्यंत पोचायच्या आत मला झोप लागते. हा डबा घेऊन आलेला आपल्या गावचा राघो गुरुवारी गाडी घेऊन गुहागरहून परत इकडे निघतोय. त्याच्या शेजारची सीट मी तुझ्या नावाने धरून ठेवलीय. आणि ऐक, तू येत असशील तर डबा रिकामा आणलास तरी चालेल.