हनोईचा रस्ता आणि ॲथलोनचा राउंडअबाउट

ॲथलोन,
१४ जानेवारी २०१७

ती. आईस,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

राजीवदादाकडे हनोईला सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. माझी बातमी मात्र वाईट आहे. ड्रायव्हिंग टेस्टला दुसऱ्यांदा नापास! माझी शिक्षिका नोरीन म्हणते की तू गाडी अगदी ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत झकास, चालवतेस, फक्त पुढे जात नाहीस. खरं आहे. राउंडअबाउटच्या गोल चौकापाशी उजवीकडून लांबवर गाडी दिसली तरी मी थांबते आणि मागे रांग लागते. दोष तुझा. ‘आधी दुसऱ्याचं पान वाढावं’ हे तूच शिकवलंस ना?

सत्तावीसला तिसरी टेस्ट आहे. फेब्रुवारीपासून ज्या कारखान्यात रुजू व्हायचंय तिथे बस जात नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलंय.

तू तिथे एकटी रस्ता ओलांडू नकोस. पुण्यात स्कूटरने पाडल्यापासून तुझी काय अवस्था होते ते मी पाहिलंय. दादाचा हात धर.

माया आहे ती वाढतीच असू दे.
तुझी
सुमेधा

हनोई,
१९ जानेवारी २०१७

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हातानेच लिहिते आहे, राजीव फोटो काढून फोनवर पाठवेल.

तो ऑफिसला गेला की मी गॅलरीत बसायचे. खाली वीतभर उंचीच्या स्टुलांवर बसून माणसं गरम सूप आणि शेवया ओरपतात. एक न्हावी भिंतीला आरसा टांगून फुटपाथवरच दाढी करतो. इथलं नवीन वर्ष जवळ आलंय, म्हणून स्कूटरवरून कुंडीसकट नारिंगी फळांची झाडं चालली आहेत. माणूस दिसतच नाही, झाडच गाडी चालवतंय असं वाटतं. समोर एक बाई नारळाच्या दुधाची कॉफी करते, तिचा वास थेट वर येतो. मध्ये फक्त रस्ता. पण त्यावर स्कूटरींचा महापूर.

काल खाली उतरले. स्कूटरी संपतील म्हणून वीस मिनिटं कडेला उभी राहिले. त्या कसल्या संपतात! तेवढ्यात खांद्यावर कावड घेतलेली पेरूवाली आजी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, सरळ रस्त्यात उतरली. थांबली नाही, पळाली नाही, मागे सरली नाही. एका चालीने गेली आणि स्कूटरी आपणहून तिला वळसा घालत गेल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण कसं जाणार हे समोरच्याला कळलं की तो जागा करतो. आपण थबकलो की त्याचाच गोंधळ उडतो.

देवाचं नाव घेतलं आणि पाऊल टाकलं. मधोमध आले तरी चाल मोडली नाही. पोचले. कॉफी प्यायले, परत आले, आणि खरं वाटेना म्हणून पुन्हा एकदा जाऊन आले. राजीव आधी चिडला, मग म्हणाला, आई, मला महिना लागला होता.

आता तुझं. ते पानाचं मी पंगतीपुरतं सांगितलं होतं. रस्त्यावर तुझी पाळी आली की तुझं पान तूच वाढून घे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
आई

ॲथलोन,
२७ जानेवारी २०१७

ती. आईस,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

आई, पास झाले!

पाऊस होता. राउंडअबाउटला उजवीकडून एक लॉरी येताना दिसली, आणि सवयीने पाय ब्रेककडे गेला. पण लॉरी चांगली लांब होती, जागा माझी होती. तुझी पेरूवाली आठवली आणि गेले. परीक्षक शेवटी ‘फेअर प्ले टू यू’, म्हणजे शाब्बास, म्हणाला. नोरीनने शिकाऊ पाटी स्वतःच्या हाताने उपटली आणि मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर रडले, लाज वाटली नाही.

गेल्या वेळी इथले तीन महिने तू खिडकीत बसून काढलेस. आता मे महिन्यात ये. डब्लिनच्या विमानतळावर तुला घ्यायला मी येणार, माझी मी, गाडी घेऊन.

आशीर्वाद असेच पाठीशी राहोत.
तुझी
सुमेधा

हनोई,
२८ जानेवारी २०१७

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आनंदाने रडले. मग नारळाचे लाडू वळले आणि समोर कॉफीवालीच्या घरी द्यायला निघाले. आज इथलं नवीन वर्ष, सगळे आपापल्या घरी. रस्त्यावर एक स्कूटर नाही. खरं सांगते, ओलांडताना चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

विमानतळावर जरूर ये. आजवर कुणाच्याही गाडीत मी मागे, डोळे मिटून बसत आले. तुझ्या गाडीत पुढे बसणार, डोळे उघडे ठेवून.

तुझी
आई