नेम चुकला

२९ सप्टेंबर १९५७, रविवार
समोरचा रूबेन आवासकर सकाळी ओट्यावर येऊन हात जोडून उभा राहिला. "काका, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा." मी विचारलं, काय चुकलं? म्हणाला, "असं नाही, आमच्यात रीत आहे."

असंच कुणी माफी मागतं का? सगळा जन्म शहागंजात गेला, माझी कुणी मागितली नाही. आणि हा दवाखान्यातला कंपाउंडर. श्रावणात माझी बायको मनकर्णा गेली, तिला रोज सुई द्यायला हाच यायचा.

माफ केलं म्हणालो नाही.

३० सप्टेंबर
सूनबाई हसते. "मामंजी, माफीच मागतोय ना? मागू द्या की. ह्या घरात तर कुणी मागत नाय."

हिला काय कळतं. निजामाच्या वेळेपासून बघतोय — ज्याच्या मनात काही असतं तोच आधी हात जोडतो.

२ ऑक्टोबर, बुधवार
पुन्हा आला. आत घेतलं नाही. हा कोकणातला यहुदी, ह्यांचं आपल्याला काय ठाऊक? म्हणून विचारलं — तुमच्यात पाप कशाला म्हणतात?

म्हणाला, "आमच्या हिब्रूत पापाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ नेम चुकणं. बाणाचा चुकतो तसा. माणूस वाईटच असतो असं नाही. चुकला की पुन्हा धरायचा."

नेम चुकणं! सुई टोचणाऱ्याच्या तोंडी हा शब्द.

पुढं म्हणाला, "देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा केला तर त्या माणसानंच माफ करायला हवा, देव त्यात पडत नाही." तीनदा मागायची म्हणे, मग दोष माफी न देणाऱ्यावर. दोनदा झाली. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा दरफाळणीचा सण — दार लावून उपास. म्हणजे तोवर माझ्याकडून वदवून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. हुशार आहे.

३ ऑक्टोबर
ठरलं. सोमवारी मोठ्या डॉक्टरांना सांगणार, ह्याच्या हातून बाई गेली. नोकरी गेली तर जाऊ दे. सूनबाई म्हणते, "त्याला दोन लेकरं हायेत, मामंजी."

मनकर्णालाही नातवंडं होती.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवस मावळायच्या आत आला. अंगावर पांढरे कपडे. मी म्हणालो, आधी सांग, सुई कुठं चुकली?

खालीच बसला. "चुकली नाही, काका. दिलीच नाही. शेवटचे आठ दिवस काकूंनी दंड पुढं केला नाही. पुरे झालं, म्हणाल्या. ह्यांना सांगू नको, घाबरतील. शपथ घातली. मी बाहेर येऊन तुम्हाला रोज खोटं सांगायचो, दिली म्हणून."

त्याला म्हणालो, माफ केलं. जा, दार लाव तुझं.

मनकर्णाला माफ केलं, असं मला अजून म्हणता आलं नाही.