बिनबोटांचे हातमोजे

प्रिय अर्पे,

धुरपतामावशी बांगड्या भरायच्या निमित्तानं हा कागद तुझ्या हातात सरकवेल. सासूबाई समोरच बसल्या असतील, म्हणून न्हाणीत जाऊन वाच, अन् रडायचं असलं तर नळ सोडून रड.

कापूस वेचताना सकाळची थंडी बाधते, ताई, बोटं उघडी राहतील असे हातमोजे विणून दे, असं तू फोनवर म्हटलं तर मले केवढा आनंद झाला होता! साधे विणले तर मी कसली सुरभी? हिरव्यावर कापसाचं पांढरं बोंड काढायचं ठरवलं. मोबाइलवर पाहून शिकली. इंटार्सिया म्हणतात म्हणे त्याले. प्रत्येक रंगाच्या लोकरीचा गुंडा वेगळा, अन् रंग बदलला की मागून दोन्ही धाग्यांना एकमेकांचा पीळ द्यायचा. मी तो पीळच विसरली. मनगटापाशी, बोंडाच्या कडेनं, चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं.

रविवारी तुझा नवरा ढाणकीले आला. माझ्या हातचं कोंबडं हाणलं, अन् मोजा उजेडात धरून पाह्यला. भोकात बोट घालून म्हणे, ताई, इथून दिसते, बुजवा. अन् मनगटावर वीतभर लांब करा. मी आईले म्हटलं, पाहा जावई कसा, बायकोच्या थंडीची केवढी काळजी! चुलीत जावो माझी अक्कल. मी रात्रीतून भोक बुजवलं.

काल मावशी आली. नणंदेच्या हळदीले तुले बांगड्या भरताना तिनं तुझा हात धरला होता ना? मनगटावर तापल्या उलथन्याचे डाग, एकावर एक, अन् करंगळी वाकडी बसलेली. कासारणीपासून हात लपते का कुठं? तू म्हणे हसत होती, तेल उडालं म्हणून. अर्पे, तेल काय सरळ रेघा मारते?

आज दुपारी तो मोजे न्यायले आला. ओट्यावर बसून हात पुढं केला. तोच हात. मले दुसरं काही दिसेनासं झालं. ॲल्युमिनियमची सुई हातातच होती. तळव्यात अशी घुसवली की मागून टोक निघालं. डुकरासारखा ओरडला. हिरवी लोकर लाल झाली. बाबा धावत आले, मले वाटलं मले धरतील; त्यांनी त्याची कॉलर धरली अन् थोबाडीत अशी ठेवून दिली की दात वाजले. मले काडीचा पस्तावा नाही. केस करायची तर करू दे, मी जबाब देईन.

तो आता दवाखान्यात टाके घालून घेऊन राह्यला. तो फुलसावंगीले पोचायच्या आत तुले निघायचं आहे, म्हणून हे लिहून राह्यली. बाबा तुमच्या गावच्या मारुतीच्या देवळामागं ऑटो घेऊन उभे आहेत. बांगड्यांचं माप बदलायचं सांग अन् मावशीसोबत बाहेर पड. कपडे घेऊ नको. मोजे मी पाठवले नाहीत, चुलीत टाकले. आपण थेट पोलीस ठाण्यात जाऊ. तिथं दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवायचे. पदरसुद्धा ओढायचा नाही.

वाट पाहून राह्यलेली, तुझीच,
सुरभीताई